जवानाला कोणती बॅटरी द्यावी?

आज एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलायचं आहे. तिला आपण बॅटरी म्हणतो. मराठीत तिच्यासाठी ‘विजेरी’ असा छान शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. इंग्रजीतला टॉर्च म्हणजे मुळात मशाल. आपल्या गावांनी मात्र आतल्या सेलांचंच नाव अख्ख्या वस्तूला देऊन टाकलं. मला ते पटतं, कारण या वस्तूचा जीव सेलमध्ये असतो. थंडीत तर फारच.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ज्या गावचं कुणीच फौजेत नाही असं गाव शोधावं लागतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्दच लागला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात सुट्टी संपवून निघणाऱ्या पोराची बॅग भरणं हा घरोघरचा सोहळा असतो. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू, आणि पोरगा पहिल्यांदाच लडाख किंवा सियाचीनकडे निघाला असेल, तर त्यात एक बॅटरी हमखास येते. देणाऱ्याला वाटतं, पोरगा अंधाऱ्या डोंगरात चाललाय, तर मोठ्यात मोठा उजेड देऊ.

माझा भाचा बॉम्बे सॅपर्समध्ये आहे. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे, रस्ता करून देणारे. त्याची रवानगी लडाखला झाली तेव्हा माझ्या आपानं मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. ‘एक लाख ल्युमेन, तीन किलोमीटर प्रकाश’ असं काहीतरी लिहिलेलं. बॅटरी जवळजवळ पाण्याच्या बाटलीएवढी. भाचा ते पाहून हसला. म्हणाला, “मामू, एवढा उजेड पाडून मी कुणाला बोलावू?” हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मग मी आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारसाहेबांना गाठलं, थोडं वाचन केलं, भाच्याला दहा प्रश्न विचारले. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

उजेडाला दोन अंतरं असतात. एक, आपल्याला किती लांबचं दिसतं ते. दुसरं, आपण किती लांबून दिसतो ते. दुकानदार पहिलं अंतर खोक्यावर छापतो. दुसरं कुणीच छापत नाही. एक मेणबत्ती घ्या. बॅटरीचा ‘पल्ला’ मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उरतो, तिथे पल्ला संपला असं धरतात. या मापानं मेणबत्तीचा पल्ला भरतो अवघा दोन मीटर. आणि तीच मेणबत्ती काळोख्या स्वच्छ रात्री, अंधाराला सरावलेल्या नुसत्या डोळ्याला, साधारण अडीच किलोमीटरवरून दिसू शकते. आपल्याला दोन मीटर दिसतं, आणि आपण अडीच किलोमीटरवर दिसतो! दुर्बीण लावली तर त्याहूनही लांब.

ऊस पाजायला रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्या अंतराची फिकीर नसते. उलट बिबट्यानं उजेड पाहून लांब जावं, अशीच त्याची इच्छा असते. त्याची बॅटरी मोठी असावी, झोतदार असावी. म्हणून आपल्याकडे चांगली बॅटरी म्हणजे लांब मारणारी बॅटरी असं समीकरण झालं. जवानाचं सगळं याच्या उलट आहे.

कारगिल आठवा. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात शत्रू शिखरांवर बसला होता आणि आपले जवान खालून चढत होते. दिवसा चढणं म्हणजे वरून टिपलं जाणं. म्हणून हल्ले रात्रीचे झाले. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल, दोन्ही ठिकाणी अंधार हीच चढणाऱ्याची ढाल होती. जुन्या युद्धांतही हेच. एका काडीवर तिसरी सिगारेट पेटवू नये, असा समज पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतल्या सैनिकांत पसरला होता. पहिल्या सिगारेटला शत्रूला जागा कळते, दुसरीला तो नेम धरतो, तिसरीला गोळी सुटते, असं त्याचं स्पष्टीकरण देत. काडीचा उजेड तो केवढा! आम्हा कवींनी अंधाराला आजवर फार नावं ठेवली आहेत. फौजेतल्या माणसाला विचारलं तर तो अंधाराविषयी बराच आदरानं बोलेल.

सुभेदारसाहेबांनी मला एक साधा प्रश्न टाकला. “रात्री जवानाला बॅटरी लागते कशाला, ते आधी सांगा.” मग त्यांनीच यादी केली. नकाशा पाहायला. तंबूत बुटांची नाडी बांधायला. स्टोव्हची पिन शोधायला. वायरलेसचा सेल बदलायला. कुणाला लागलं तर पट्टी बांधायला. रात्री लघवीला बाहेर पडताना तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकू नये म्हणून. यांतलं एकही काम दोन-तीन मीटरच्या पलीकडचं नाही. लांबचं पाहायला फौजेकडे वेगळी यंत्रं असतात, ती मामानं किंवा आईनं द्यायची नसतात. म्हणजे घरून द्यायची बॅटरी असावी ती हातभर अंतराची. तिचा सर्वांत मोठा उजेड किती, हा प्रश्न दुय्यम. तिचा सर्वांत लहान उजेड किती, हे आधी विचारा.

हे ऐकून दुकानदार चक्रावतो. पण चांगल्या बॅटऱ्यांत अगदी मंद उजेडाची सोय असते. काही कंपन्या तिला ‘मूनलाइट’ म्हणतात. एक ल्युमेन किंवा त्याहून कमी. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप. मेणबत्ती साधारण बारा-तेरा ल्युमेनची. तिच्या दहाव्या हिश्श्यात, डोळे अंधाराला सरावले असतील तर, पत्र वाचता येतं. आणि या मंद उजेडावर छोटा सेलसुद्धा कित्येक दिवस टिकतो. बॅटरी लावल्याबरोबर आधी हा मंद उजेड लागला पाहिजे. काही बॅटऱ्या लावताच पूर्ण झोत टाकतात आणि मग तीन वेळा बटण दाबून उजेड कमी करावा लागतो. तशी बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नका. लुकलुक करणारा ‘स्ट्रोब’, एसओएस वगैरे खेळ जितके कमी तितकं बरं, कारण चुकून बटण दाबलं जाण्याची एक-एक वाट तेवढी वाढते.

डोळे सरावण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. आपल्या डोळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी दिवसा काम करतात, रंग ओळखतात. दंडासारख्या पेशी रात्रपाळीच्या. त्या जाग्या व्हायला वेळ घेतात. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि एक झगझगीत झोत डोळ्यांवर आला की ही सगळी कमाई क्षणात जाते, पुन्हा अर्धा तास. पहाऱ्यावरच्या जवानाला अर्धा तास आंधळं करणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

रात्रपाळीच्या या पेशींना गडद लाल रंग फारसा कळत नाही. त्यामुळे लाल उजेडात काम केलं तर डोळ्यांचा सराव बराचसा टिकतो. म्हणून फौजी बॅटरीत लाल दिवा किंवा लाल काच असते. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकन सैन्यात काटकोनात वळलेल्या मानेची एक बॅटरी होती. ती छातीवर अडकवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्या पुढच्या व्हिएतनामकाळातल्या आवृत्तीच्या बुडात रंगीत काचा ठेवलेल्या असत. आज लाल एलईडी आतच बसवलेला मिळतो.

पण लाल उजेड म्हणजे जादूची टोपी नव्हे, आणि इथेच विकणारे अर्धवट सांगतात. एक तर लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा कागदात विरून जातात. नकाशावर लाल रेघ असेल आणि ती दिसतच नसेल, तर त्या उजेडाचा काय उपयोग? दुसरं याहून महत्त्वाचं. रात्री पाहण्याच्या ज्या दुर्बिणी असतात, त्यांना लाल आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेड फार चांगला दिसतो. म्हणजे आपल्या डोळ्याला मवाळ वाटणारा लाल दिवा समोरच्याच्या यंत्रात लख्ख दिसू शकतो. रंग कोणताही असो, उजेड मंद हवा, खाली वळलेला हवा, आणि हाताच्या ओंजळीत किंवा पोंचोखाली झाकलेला हवा.

आता सेल. साधे आणि अल्कलाइन सेल पाण्यात कालवलेल्या रसायनांवर चालतात. थंडीत ही रसायनं सुस्तावतात. उणे वीस अंशांत अल्कलाइन सेल आपल्या ताकदीचा थोडाच हिस्सा देतो, विशेषतः मोठा उजेड मागितला तर. सेल मेलेला नसतो, गारठलेला असतो. खिशात घालून ऊब दिली की पुन्हा जरा चालतो. सियाचीनवर पारा उणे पन्नासच्याही खाली जातो, तिथे हे सेल विसराच. शिवाय पडून राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात आणि बॅटरी आतून कुजवतात. दिवाळीनंतर घड्याळातून काढलेला पांढरी बुरशी धरलेला सेल आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

यावर उपाय आहे लिथियमचे पेन्सिल सेल. चार्ज न होणारे, एकदाच वापरायचे. हे उणे चाळीस अंशांपर्यंत काम देतात. वजनही कमी, एक सेल साधारण पंधरा ग्रॅमचा, अल्कलाइनचा तेवीसच्या आसपास. वर्षानुवर्षं पडून राहिले तरी बिघडत नाहीत. महाग आहेत, हे खरं. पण बॅटरीवर पाचशे रुपये कमी घाला आणि ते सेलांवर घाला, असं मी म्हणेन. फक्त बॅटरीच्या माहितीपत्रकात लिथियम सेल चालतात असं लिहिलं आहे ना, ते पाहून घ्या. आणि बाजारात अगदी पेन्सिल सेलच्याच मापाचा चार्ज होणारा एक लिथियम-आयन सेल मिळतो, ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या जागी तो घातला तर बॅटरी जळू शकते. दिसायला जुळे भाऊ, स्वभाव मात्र वेगळे.

चार्ज होणारी बॅटरी वाईट असते का? नाही. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब असा जो सेल असतो, ज्याला त्या मापावरूनच १८६५० म्हणतात, तो उत्तम काम देतो. थंडीत त्याचीही ताकद घटते, पण अल्कलाइनइतकी नाही. मात्र शून्य अंशाखाली तो चार्ज करायचा नसतो. गारठलेल्या सेलला चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर साचतो, सेल कायमचा अधू होतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. तंबूत ऊब असेल, वीज असेल, तरच त्याच्या भानगडीत पडा. आणि या मापाच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ लिहिलेलं दिसलं तर ते खोटं समजा. चांगल्या कंपनीचा असा सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो. एक लाख ल्युमेनचं खोकंही त्याच पंक्तीतलं. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत हजार-दोन हजार ल्युमेनलाच ती इतकी तापते, की मिनिट-दोन मिनिटांत आपोआप उजेड कमी करते.

माझ्या मते पहिली बॅटरी एका किंवा दोन पेन्सिल सेलांवर चालणारीच असावी. तिचे सेल लेहच्या बाजारात मिळतात, कँटीनमध्ये मिळू शकतात, अडीनडीला भिंतीवरच्या घड्याळातून काढता येतात. जिथे दुकान नाही तिथे सेलाचं माप सर्वांत सामान्य असण्याला फार किंमत येते.

बाकी बांधणीचं झटपट सांगतो. ती एका हातानं, तेही दोन-दोन मोजे घातलेल्या हातानं लागली पाहिजे. म्हणजे बटण मोठं हवं, बोटाला लागणारं हवं. दाबून धरलं तेवढाच वेळ लागते आणि सोडलं की विझते, अशी सोय असेल तर उत्तम. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीजच तुटते अशी बॅटरी पाहा. बॅगेत आपोआप लागून रात्रभर जळणारी बॅटरी सेल संपवते, हा तोटा छोटा, आणि पाठीवरच्या बॅगेतून उजेड पाझरतो, हा मोठा. पाण्यासाठी खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलेलं असावं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालते. चकचकीत स्टीलची नको. उणे वीसमध्ये उघड्या बोटांनी धातू धरला तर कातडी चिकटते. म्हणून अंगावर रबर किंवा कापडी पट्टी गुंडाळा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला तरी काम होतं. एक दोरी ओवा आणि ती गळ्यात, शर्टाच्या आत राहू द्या. सेल अंगाच्या उबेत राहतात आणि बॅटरी बर्फात पडून हरवत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी तंबूतल्या कामाला फार सोयीची, फक्त ती बांधून कुणाशी बोलायला मान वळवली की झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. तेवढी सवय लावून घ्यावी लागते.

उजेडावरून एक वेगळाच धोका आठवतो, कारण आज भेट म्हणून बॅटरीपेक्षा मनगटावरचा फिटनेस पट्टा जास्त दिला जातो. जानेवारी २०१८ मध्ये जगाच्या लक्षात आलं, की स्ट्राव्हा या ॲपनं धावणाऱ्या लोकांच्या वाटांचा जो नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात वाळवंटातले सैनिकी तळ रेघांनी उजळून निघाले होते. सैनिक रोज सकाळी तळाभोवती धावत होते आणि पट्टा ते इमानेइतबारे नोंदवत होता. युक्रेनमधल्या माकिइव्हका इथे २०२३ च्या नववर्षाच्या रात्री एका इमारतीवर क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा ८९ सैनिक गेल्याचं रशियानं मान्य केलं आणि आपल्या सैनिकांच्या मोबाइल वापरावर ठपका ठेवला. म्हणजे मोबाइलही एक प्रकारे पेटलेला दिवाच, फक्त आपल्याला न दिसणारा. आपल्या सैन्यानं जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं होतं, ते उगीच नाही. तेव्हा जागा नोंदवणारं घड्याळ देऊ नका. साधं, काटे मंद चमकणारं घड्याळ द्या. आणि “कुठे आहेस नक्की?” हा प्रश्न फोनवर विचारूच नका.

बॅगेतल्या इतर गोष्टी. अंगावरचे खास गरम कपडे, बूट, झोपायची पिशवी हे उंचावरच्या जवानाला सैन्याकडून मिळतं. त्यात कधी कमतरता राहिली हेही खरं. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापालांच्या अहवालात बर्फातले चष्मे आणि बूट यांच्या तुटवड्यावर बोट ठेवलेलं होतं. तरी घरच्यांनी बाजारातून अंदाजानं बूट घेऊ नयेत. पायाला न बसणारा बूट थंडीत बोटं घालवतो. द्यायचेच असतील तर लोकरीचे मोजे द्या, चांगले चार-सहा जोड. सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि ओला मोजा गोठतो. बोटांचं बारीक काम करताना घालायचे पातळ हातमोजे द्या. व्हॅसलीन, सुईदोरा, नखं काढायचं नेलकटर, आणि कोरडे मोजे ठेवायला घट्ट तोंडाच्या प्लॅस्टिक पिशव्या. या पिशव्यांची आठवण भाच्यानं स्वतः करून दिली. आणि बुखारीविषयी एक गोष्ट पोराला बजावून सांगा. बुखारी म्हणजे तंबूत किंवा बंकरमध्ये ऊब देणारी रॉकेलची शेगडी. हवा खेळती नसेल तर तिच्यातून निघणारा वायू झोपेतच माणसाला मारतो, त्याला ना रंग ना वास.

नव्यानं जाणाऱ्याला उंची अंगवळणी पाडायला सैन्य आधी दिवस देतं. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढच्या टप्प्यांत चार-चार. त्या दिवसांत त्याला कळतं, कोणतं सामान उपयोगाचं आणि कोणतं ओझं. तेव्हा सगळं एकदम भरून देऊ नका. काही गोष्टी त्यानं मागितल्यावर पाठवा. विमानानं लेहला जाणार असेल तर लिथियमचे सुटे सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायचे, सामानात टाकलेले विमानतळावर काढून घेतात.

आणि बॅटरी घेतली की तशीच बांधून देऊ नका, घरी परीक्षा घ्या. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे अठरा अंश असतात, म्हणजे लडाखची हिवाळ्यातली रात्र घरातच आहे. आम्ही दोन सारख्या बॅटऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आपाच्या फ्रीजरमध्ये मटणाच्या डब्याशेजारी रात्रभर ठेवल्या. एकीत अल्कलाइन सेल, दुसरीत लिथियम. पिशवी अशासाठी, की बाहेर काढल्यावर थंड वस्तूवर दव जमतं, ते आत जाऊ नये. सकाळी भाच्यानं दोन मोजे चढवले आणि दिवाणखान्याचे पडदे ओढून दोन्ही बॅटऱ्या मोठ्या उजेडावर लावल्या. अल्कलाइनवाली थोड्याच वेळात पिवळी पडायला लागली. दुसरी चालत राहिली. मग त्यानं ती मंद उजेडावर आणून माझ्याकडे दिली, आणि आपाला म्हणाला, “अम्मी, ही एक पुरे. त्या मोठ्या बॅटरीचे पैसे मोज्यांत घाल.”